तिसरा हात

गिरणारेच्या चौकात, जिथे पहाटे मजुरांचा बाजार भरतो,
तिथल्या शीतगृहाची भिंत बत्तीस फूट.
तिच्यावर आजवर मीच लिहीत आलो:
खतं, औषधं, एका सरपंचाचा वाढदिवस.
कोपऱ्यात बारीक अक्षरांत, वाल्मीक पेंटर, मखमलाबाद.

त्या वर्षी फ्रेस्नोहून बाई आली. ग्रासिएला ओर्नेलास.
केसांत पेन्सिल खोचलेली,
पायांत माझ्यासारखेच रंगाने मेलेले बूट.
मला सांगितलं, शिडी धर, रंग कालव, भाषा सांभाळ.
माझं इंग्रजी डब्यांवरचं: मॅट, ग्लॉस, थिनर.
तेवढ्यात आमचं भागलं.

तिने पिशवीतून जामची बरणी काढली. आत माती.
आजोबांनी द्राक्षांच्या ज्या ओळीत चाळीस वर्षं काढली
तिथली. उंदराच्या रंगाची, भुसभुशीत.
इथलीही हवी, म्हणाली.
मी काश्यपीच्या काठची पाटीभर आणली,
काळी, बोटं न सोडणारी.
दोन्ही डिंकात कालवल्या.
बाई, पावसात धुऊन जाईल, मी बजावलं.
ती हसली, तेच तर, असं काहीसं बोलली,
आणि दुपारी हळूच माझ्याकडे सीलर मागितला.

भिंतीवर मक्याची बाई उगवली.
कणसाचं तोंड, पानांचे हात, पायाशी झेंडू.
आमच्याकडे हे मेलेल्यांचं फूल, तिने सांगितलं.
आमच्याकडे दसऱ्याला गाडीला बांधतात, मी खुणेने.
माझ्या खटाऱ्याकडे बघून ती बराच वेळ हसत राहिली.

छाटणीच्या टोळीतल्या पवळीबाई गावित, सुरगाण्याकडच्या,
डबा काखेत धरून थांबल्या.
ही तर कणसरी, म्हणाल्या.
मग जवळ जाऊन: नाही, नागली नाही, मका हाय.
चालंल. पोट भरती ना?

पुढे आजोबा आले, कंबरेत मोडलेले,
हातात बुटक्या दांड्याची कुदळ.
दांडा मुद्दाम एवढाच, ग्रासिएलाने हाताने दाखवलं,
म्हणजे मुकादमाला लांबून कळायचं, कोण ताठ उभं राहिलं.
नंतर कायद्याने ती बंद झाली.
आजोबांनी घरात टांगली, देवाच्या शेजारी.
मी जमेल तसं मराठीत केलं.
पवळीबाईंनी कमरेचं खुरपं काढलं, मूठभर दांड्याचं.
“हे कधी बंद व्हणार, इचार तिला.”
मी विचारलं नाही.
एवढं इंग्रजी येत नाही, म्हणालो.

जाता जाता त्या म्हणाल्या, हात खोटे काढलेत.
पेस्टिंग केल्यावर नखं अशी राहत नाहीत.
आणि स्वतःचे पुढे केले.
याचं भाषांतर लागलं नाही.
ग्रासिएला पट्टी घेऊन शिडी चढली
आणि आजोबांची दहाही नखं
प्लास्टरपर्यंत खरवडून काढली.

ती गेली. दोन हंगाम भिंत तशीच.
मग कंपनीचा फोन: भुरीवरचं औषध, फुटावर पैसे.
पोरीची फी तुंबली होती. हो म्हणालो.
पांढऱ्याचा एक हात दिला. दुसरा दिला.
वाळला तशी माती वर आली,
चादरीवरच्या चहाच्या डागासारखी,
आधी पिवळट, मग तपकिरी,
मक्याची बाई नाही, झेंडू नाही,
फक्त ते खरवडलेले हात.
अजून एक मार, कंपनीचा पोरगा म्हणाला, दिसतंय.

तिसरा हात द्यायला ब्रश बुडवला.
खाली टेम्पोत बायका चढत होत्या,
डबे एकमेकांवर आपटत होते.

अक्षरं जरा अरुंद घेतली,
तेवढी जागा सोडून ओळ वळवली.
पोरग्याला म्हटलं, राहू दे,
तिथं ओल आहे.
तिथं रंग धरत नाही.